वर्ध्याहून भूतानला : सहलीची आखणी

भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसा लागत नाही, प्रवेश-परवाना लागतो. या सवलतीमुळे जेवढे गैरसमज पसरले आहेत, तेवढे दुसऱ्या कुठल्या शेजारी देशाबद्दल क्वचितच असतील. व्हिसा नाही म्हणजे आखणीही नको, दार्जिलिंग-गंगटोक झाले की जाता जाता दोन दिवस भूतानही उरकता येईल, असा हिशेब विदर्भातल्या घराघरांत मांडला जातो. भूतान हा दोन दिवसांत उरकण्याचा देश नाही. क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे वर्धा जिल्ह्याच्या सहापट. लोकसंख्या मात्र साडेसात लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. एवढ्या थोड्या माणसांच्या डोंगराळ देशाने येणाऱ्यांची संख्या आपल्या हातात ठेवायचे ठरवले आहे. तिथली प्रत्येक अट या निर्णयातून आलेली आहे.

आखणीची सुरुवात कागदपत्रांपासून होते, आणि बहुतेक सहली अडखळतात त्याही इथेच. परवान्यासाठी भारतीय प्रौढांची दोनच ओळखपत्रे चालतात: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही. बँकेपासून रेशन दुकानापर्यंत सगळीकडे आधार चालते, त्यामुळे हे सांगूनही लोकांना पटत नाही आणि सीमेवर पोहोचल्यावर वाद सुरू होतो. मतदार कार्डांची अवस्थाही तपासून घ्यावी. जुन्या लॅमिनेशनखाली फोटो काळा पडलेला असतो. बाईंच्या कार्डावर माहेरचे नाव आणि तिकिटावर सासरचे, हा प्रकार तर फार आढळतो. सहल ठरली की आधी सगळ्यांची कार्डे टेबलावर मांडून तिकिटावर, परवान्याच्या अर्जावर आणि कार्डावर एकच नाव आहे ना, हे अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे.

मुलांकडे मतदार कार्ड नसते. १८ वर्षांखालच्यांसाठी पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला लागतो, आणि सोबत पालक असावा लागतो. घरातल्या फाईलमधून दाखला बाहेर काढला की पुष्कळदा असे दिसते की आईचे नाव आहे, वडिलांचे आहे, तारीख आहे, दवाखान्याचे नावही आहे. बाळाच्या नावाची जागा तेवढी कोरी. जन्माची नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते, आणि पुढे ते नाव दाखल्यावर घालायचे राहून गेले. नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत ते घालता येते. त्यासाठी जन्म जिथे नोंदला गेला त्याच नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जावे लागते, आणि दाखला इंग्रजीतही असल्याची खात्री करावी लागते. हे काम प्रवासाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. मुलांसह जायचे असेल तर नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे वेळेत अर्ज करणे हाच खात्रीचा मार्ग.

वर्ध्याहून रेल्वेने जायचे तर हावडा मार्ग धरावा लागतो. मुंबईहून येणाऱ्या हावडा मेल, गीतांजली या गाड्या वर्ध्यावरून जातात. हावड्याला उतरून हुगळीपलीकडचे सियालदह स्टेशन गाठायचे आणि तिथून रात्रीच्या कांचनकन्या एक्स्प्रेसने हासीमारा. हावडा आणि सियालदह ही दोन वेगळी स्टेशने आहेत. एकीकडून दुसरीकडे जायला कोलकात्याची वाहतूक ओलांडावी लागते. म्हणून दोन गाड्यांच्या मध्ये निदान अर्धा दिवस ठेवावा. हासीमाऱ्याहून जयगाव सुमारे १८ किलोमीटर, आणि जयगावची कमान ओलांडली की फुंटशोलिंग. म्हणजे जाताना दोन रात्री रेल्वेत आणि येताना दोन. विमानाने नागपूर-कोलकाता आणि पुढे बागडोगरा किंवा थेट पारो असाही मार्ग आहे. पारोचा विमानतळ अरुंद खोऱ्यात आहे. विमाने तिथे फक्त दिवसाच्या उजेडात, वैमानिकाला डोंगर डोळ्यांनी दिसत असतानाच उतरतात. हवामान बिघडले की उड्डाण पुढे ढकलले जाते. म्हणून पारोहून परतल्यावर त्याच दिवशीचे कोलकाता-नागपूर तिकीट काढू नये.

भूतानचे घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास पुढे असते. दुपारी उशिरा जयगावला पोहोचणाऱ्याचा हा अर्धा तास हातचा जातो आणि पलीकडची कार्यालये त्याच्या अंदाजाआधीच बंद होतात. परवाना घरूनच ऑनलाइन किंवा भूतानी सहल-संस्थेमार्फत काढून ठेवावा, हे त्यावरचे उत्तर.

आता शुल्काबद्दल. वर्ध्यात असो की पुण्यात, भूतानचा विषय निघाला की चर्चा इथेच येऊन थांबते. भारतीय प्रौढ पर्यटकाला दर रात्रीमागे १,२०० रुपये 'शाश्वत विकास शुल्क' भरावे लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे, त्याहून लहानांना काही नाही. दोघे पालक आणि नऊ वर्षांचे एक मूल सहा रात्री राहिले तर १८,००० रुपये होतात. 'आपलीच माणसे, आपलाच पैसा, आणि आपल्यालाच कर?' हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. आक्षेपामागे इतिहास आहे. १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा फुंटशोलिंगहून वर जाणारा मोटाररस्ताच नव्हता. नथु ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून घोडा-याकच्या वाटेने त्यांना जावे लागले. आज पर्यटकांच्या गाड्या ज्या रस्त्याने थिंफूला चढतात तो १९६१ पासून भारताच्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला. वाटेवरचा चुखा जलविद्युत प्रकल्पही भारताच्या मदतीने उभा राहिला.

पण मैत्री दोन देशांची असते, आणि गर्दी विशिष्ट रस्त्यावर, विशिष्ट मठाच्या पायऱ्यांवर होते. भूतानने परदेशी पर्यटकांना दार उघडले ते १९७४ मध्ये, आणि पहिल्यापासूनच दिवसाला ठरावीक किमान रक्कम लावून. २०१२ पासून हंगामात ती २५० डॉलर होती. भारतीयांना यातून पूर्ण सूट होती. २०१९ मध्ये तीन लाखांहून अधिक पर्यटक आले आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश भारतीय होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रातून दुचाकीवर गेलेला एक पर्यटक दोचुला खिंडीतल्या चोर्टेनवर, म्हणजे स्तूपावर, चढला आणि त्याचे छायाचित्र सगळीकडे पसरले. दोचुलाचे १०८ चोर्टेन हे डिसेंबर २००३ च्या लष्करी मोहिमेत पडलेल्या भूतानी सैनिकांचे स्मारक आहे. आपल्याकडे हुतात्मा स्मारकावर कोणी पाय देऊन उभे राहिले तर काय वाटेल, हे वेगळे सांगायला नको. शुल्काचा विचार आधीपासून सुरू होता. २०२० मध्ये कायदा झाला, आणि साथीनंतर २३ सप्टेंबर २०२२ रोजी सीमा उघडल्या तेव्हापासून शुल्क काटेकोरपणे लागू झाले. इतर परदेशी पर्यटकांसाठी हे शुल्क तेव्हा रात्रीमागे २०० डॉलर ठेवले होते, वर्षभरात ते १०० डॉलरवर आणले. त्यापुढे १,२०० रुपये ही आजही मोठी सवलत आहे.

शुल्काचे सगळेच परिणाम चांगले आहेत असे मात्र नाही. पैसे भरण्याची ऐपत आणि वागण्याची रीत यांचा काही संबंध नाही. शुल्कामुळे आर्वीचा शिक्षक किंवा हिंगणघाटचा निवृत्त कारकून थांबतो. देवळात मोठ्याने बोलणारा श्रीमंत थांबत नाही. वागणूक सुधारते ती बरोबरच्या जाणत्या गाइडमुळे. शिवाय शुल्क रात्रीमागे असल्याने कुटुंबे पहिली कात्री रात्रींनाच लावतात, आणि सहलीचे सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. सहाच्या चार रात्री केल्या, पण यादीतली ठिकाणे तीच राहिली. मग उरते ते गाडीत बसणे. खर्च कमी करायचा तर ठिकाणे कमी करावीत, हॉटेल साधे घ्यावे, बुमथांगसारखा मध्य भूतान पुढच्या वेळेसाठी ठेवावा. रात्री कमी करू नयेत.

याचे कारण रस्ते. फुंटशोलिंग-थिंफू हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, पण वेळ पाच ते सहा तास. वर्धा-अमरावतीच्या सरळ रस्त्यावर बांधलेले अंदाज इथे चालत नाहीत. थिंफूहून दोचुलामार्गे पुनाखा ७५ किलोमीटरच्या आसपास, तरी अडीच-तीन तास जातात. थिंफू-पारो मात्र तासा-दीड तासाचे. म्हणून सहा रात्रींची नीट बसणारी वाटणी अशी: थिंफू दोन, पुनाखा एक, पारो तीन. सातवी रात्र मिळाली तर ती फोबजिखा खोऱ्याला द्यावी. हिवाळ्यात तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच तिथे उतरतात आणि ११ नोव्हेंबरला गांगतेच्या मठात त्यांचा उत्सव असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हा योग कधी कधी साधतो.

पारोला तीन रात्री कशाला, असे सहल विकणारेही विचारतात. त्या ताक्त्सांगसाठी. कड्यावरचा हा मठ १६९२ मध्ये बांधला गेला, १९९८ च्या आगीत जळाला आणि २००५ पर्यंत पुन्हा उभा केला गेला. तो ३,१२० मीटरवर आहे. गाडी जिथे थांबते तिथून पाचशे मीटरची चढण पायी, आणि शेवटी दरीत उतरून पुन्हा चढणाऱ्या शेकडो पायऱ्या. जाऊन-येऊन पाच-सहा तास. घोडे मिळतात, पण अर्ध्या वाटेपर्यंत आणि चढतानाच. वर्धा समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्याही आत आहे; तिथला माणूस पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ही चढण चढायला निघाला तर धाप लागणारच. थिंफू-पुनाखा करून चौथ्या-पाचव्या दिवशी ताक्त्सांग ठेवावे, आणि त्यानंतर एक मोकळा दिवस, म्हणजे पावसाने वाट निसरडी झाली तर दुसरी संधी उरते. महिनाभर आधी रोज जिने चढण्याचा सराव केला तर गुडघे सांभाळले जातात.

उंचीच्या बाबतीत भीती आणि बेफिकिरी दोन्ही चुकीच्या जागी असतात. थिंफू २,३०० मीटर, पारो २,२००, पुनाखा १,२००. मुक्काम या गावी असेल तर उंचीचा आजार सहसा होत नाही, कारण तो बहुधा २,५०० मीटरच्या वर झोपणाऱ्यांना होतो. तरीही लोक ऑक्सिजनचे डबे घेतात आणि रुमालात कापूर बांधून हुंगत राहतात. कापराने नाक मोकळे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. उलट रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या, ज्या खरोखर लागतात, त्या मोठ्या बॅगेत तळाशी राहतात. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल त्याने सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात आधी तपासून घ्यावे. पायऱ्या चढताना छातीत दुखत असेल तर ताक्त्सांग खालूनच पाहावे.

थिंफू-पारो या शहरांपलीकडे परवानाधारक गाइड सोबत असावा लागतो. महाराष्ट्रातून गटाबरोबर येणारा टूर मॅनेजर म्हणजे हा गाइड नव्हे. मॅनेजर खोल्या आणि जेवण पाहतो. गाइड परवानाधारक भूतानी असतो. द्झोंगच्या, म्हणजे मठ आणि शासकीय कार्यालये असलेल्या किल्ल्याच्या, दारात गाडी थांबली की तो पिशवीतून पांढरे लांब वस्त्र काढतो, घो या पारंपरिक पोशाखावरून डाव्या खांद्यावर घेतो, त्याची घडी नीट बसवतो आणि मगच आत पाऊल टाकतो. त्याच्या देशात शासकीय वास्तूत शिरण्याची ही रीत आहे. त्याच्यामागे बर्म्युडा आणि टोपी घातलेला गट उभा असला तर त्याला काय वाटत असेल, हे विचारायची वेळ येऊ नये. पूर्ण बाह्या, पूर्ण लांबीची पँट, टोपी हातात, आणि गाभाऱ्यात छायाचित्र नाही. प्रदक्षिणा उजवीकडून, वर्ध्याच्या गीताई मंदिराजवळच्या विश्वशांती स्तूपाला फेरी घालणाऱ्यांना ही सवय आहेच. विदर्भातून मोठ्या संख्येने जाणाऱ्या बौद्ध कुटुंबांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिथला धर्म वज्रयान परंपरेतला आहे. गुरू पद्मसंभव, रक्षक देवता, मुखवट्यांचे नृत्य हे दीक्षाभूमीच्या परंपरेत वाढलेल्याला अनोळखी वाटते. गाइडला विचारावे; चांगले गाइड या प्रश्नांनी खूश होतात.

सहल विकत घेताना सांगितलेल्या किमतीत शुल्क धरले आहे का, भूतानी सहल-संस्था कोणती, गाइड किती दिवस सोबत राहील आणि हॉटेल पारो गावात आहे की दूर, एवढे लेखी घ्यावे. स्वतःची गाडी नेण्याचा हट्ट सोडावा. वाहनावर वेगळे दैनिक शुल्क पडते. जेवणाचा बाऊ करू नये. लाल भात, डाळ, भाज्या आणि मिरची-चीजची एमा दात्शी शाकाहाऱ्याला पुरेशी आहेत, आणि तिखटाची विदर्भाला भीती नसावी. भारतीय रुपया आणि भूतानचे चलन ङुलत्रुम यांचा भाव एकच. सुटे पैसे जवळ असले म्हणजे झाले.

हंगाम मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. ऑक्टोबर कोरडाच असतो असे धरू नये: २०२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला उत्तर बंगालात अतिवृष्टीने दरडी कोसळून रस्ते तुटले होते. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि दिवाळीची तिकिटे पहिल्या दिवशीच जातात. परतीचे आरक्षण करताना पारोहून निघून त्याच संध्याकाळची हासीमाऱ्याची गाडी गाठायचा बेत करू नये. फुंटशोलिंगला बाहेर पडल्याची नोंद करावी, ती रात्र जयगावला काढावी. ती रात्र भारतात मोजली जाते आणि तिच्यावर शुल्क पडत नाही.