बिननावाचं लोखंड

नागोया

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

जपानी तलवारीच्या पात्याला मुठीपाशी अडवून बसणारी चकती म्हणजे त्सुबा. लोखंडात आरपार जाळी कोरलेली असली की सुकाशी. जुन्या सुकाशींपैकी बहुतेकींवर कारागिराचं नाव नाही. तरी जाणकार ‘ही ओवारीची, ही क्योतोची’ असं छातीठोकपणे सांगतात. तुम्ही म्हणाल, ही लेबलं संग्राहकांनी मागाहून चिकटवलेली. खरंच आहे, पण फरक त्यांनी निर्माण केलेला नाही. ओवारी म्हणजे हाच नागोयाचा परिसर. इथल्या चकतीच्या कडेवर कठीण लोखंडाचे उंचवटे तसेच राहू दिलेले असतात, त्यांना तेक्कोत्सु म्हणतात. रेघा दणकट, मांडणी बहुधा समतोल. क्योतोच्या कामात रेघ बारीक आणि डौलदार होते. शिवाय चकतीचा मधला भाग कोणालाच कोरता येत नसे. तिथून पातं जातं, त्याभोवती सेप्पा नावाच्या पातळ चकत्या टेकतात. कारागिराला मोकळीक उरते ती मधला भाग आणि कड यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात, आणि बंधन सगळ्यांना सारखं असल्यामुळेच हातांमधला फरक तिथे लपत नाही. इतकी पोखरलेली चकती वार काय झेलणार, ही शंकाही रास्त आहे. पण वार झेलणं हे तिचं एकमेव काम नव्हे. आपलाच हात पात्यावर घसरू न देणं आणि तलवारीचा तोल साधणं, हेही तिच्याकडेच असतं.

कुमामोतो

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

लोखंडावरूनच काम ओळखता येतं, या माझ्या मताची खरी कसोटी इथे लागते, कारण इथले उस्ताद नावाने ओळखले जातात. १६३२मध्ये होसोकावा घराणं या प्रांतात आलं. त्यातले तादाओकी हे चहागुरू सेन नो रिक्यू यांचे शिष्य. त्यांची साधेपणाची आवड इथल्या कामात उतरली, असं मानायला जागा आहे. हायाशी माताशिची (१६१३–१६९९) हा बंदुका घडवणाऱ्या घराण्यातला. गुळगुळीत, दाट रंगाचं लोखंड आणि आटोपशीर जाळी ही त्याची खूण, आणि गंमत म्हणजे त्याचंही बहुतेक काम बिनसहीचंच! म्हणजे नाव ठाऊक झालं तरी पुरावा पुन्हा लोखंडच. एक हरकत मात्र मला पुरती मोडून काढता येत नाही. एकोणिसाव्या शतकात कामियोशी राकुजूने माताशिचीचं काम इतकं घोटलं, की सही नसती तर निवाडा करणं अवघड व्हावं. तेव्हा लोखंड वाचून प्रांत आणि परंपरा गाठता येते, पण माणूस दरवेळी गाठता येईलच असं नाही. राकुजूच्या हयातीतच, १८७६मध्ये, चारचौघांत तलवार लावून फिरण्यावर बंदी आली आणि या कारागीर घराण्यांचं मुख्य गिऱ्हाईकच संपलं.

बाकी पुढच्या पत्री. कळावे.