तीन कामांची एक होडी

मुलांनो, मालवणहून देवबागला निघालात की वाटेत तारकर्ली लागतं. तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये माडांची एक लांबच लांब पट्टी. तेच देवबाग. काही ठिकाणी तर समुद्रात पाय बुडवून निघालात, तर ते वाळायच्या आत तुम्ही नदीवर पोचता! पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो.

माझा मावसभाऊ इथे राहतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले, तर घरात मोठा वाद चाललेला. विषय काय, तर कयाक! दादाला एक कयाक विकत घ्यायची होती. एकच, कारण दोन घ्यायला पैसे नाहीत. त्याला पहाटे नदीत गळ टाकून मासे धरायचे होते. नववीतल्या माझ्या भाचीला व्यायामासाठी वल्हवायचं होतं. आणि दोघांनाही, समुद्र शांत असेल तेव्हा, घरामागच्या पुळणीवरून थेट लाटांतून बाहेर पडायचं होतं. तीन कामं आणि होडी एक.

कयाक तुम्ही पाहिली असेल. लांबट, टोकदार होडी आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. हल्ली आपल्याकडे दिसतात त्या बहुतेक प्लास्टिकच्या. मूळची मात्र ती उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. तिकडे झाडंच नाहीत. मग समुद्रातून वाहत आलेल्या लाकडांचा किंवा देवमाशाच्या हाडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. गंमत म्हणजे त्यांच्याकडे मोजपट्टी नव्हती. ज्याची होडी त्याचंच अंग हे माप! दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं, त्याच्या तिप्पट लांबी. कमरेची रुंदी अधिक दोन मुठी, एवढी बसायच्या जागेची रुंदी. आपण चपला पायाच्या मापाने घेतो, तशी त्यांची होडी.

दादाच्या ओळखीत तिघांकडे तीन तऱ्हेच्या कयाक होत्या. दोन दिवसांसाठी त्या मागून आणल्या आणि आम्ही परीक्षा घ्यायची ठरवली. (परीक्षा म्हटलं की माझ्या अंगात उत्साह येतो, सवयच ती.)

पहिली होती सोळा फुटी, जेमतेम दोन फूट रुंद, आत पाय घालून बसायची. भाची तिच्यावरच भाळली होती. नदीत ती अशी सुळकन गेली की बघत राहावं. लांब होडी वेगाने का जाते, ठाऊक आहे? होडी चालताना स्वतःच पाण्यात लाट उठवते आणि त्या लाटेतच अडकून बसते. होडी लांब तर लाट लांब, आणि लांब लाट जास्त वेगाने पळते. याचं एक सोपं गणित आहे. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर येईल तो त्या होडीचा साधारण जास्तीत जास्त वेग, नॉटमध्ये. नऊ फुटांचं वर्गमूळ तीन, म्हणजे वेग चार नॉट. सोळाचं चार, म्हणजे सुमारे साडेपाच नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. तेव्हा छोटीचा वेग ताशी साडेसात किलोमीटर आणि मोठीचा दहा! भाचीने हे गणित वाळूत काडीने सोडवलं आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं.

दुसरी दादाची लाडकी. तीन फूट रुंद, तळ पाटासारखा सपाट, वर चक्क उंच खुर्ची, गळाच्या काठ्या खोचायला जागा. नदीत दादा त्या होडीत उभा राहिला, हो, उभा! आणि कांदळवनाच्या कडेला गळ टाकून त्याने तासाभरात दोन काळुंदर आणि एक टपोरी तांबोशी काढली. संध्याकाळच्या जेवणात वहिनीने त्याच्याच बाजूने मत दिलं, यात नवल नाही.

तिसरी मधलीच. बारा फुटांहून थोडी जास्त लांब, अडीच फूट रुंद, वर बसायची, पुढचं टोक जरा उचललेलं. बसायच्या जागेत आरपार चार भोकं. होडीला भोकं? मीही हेच विचारलं. अहो, ती बसायची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असते. लाट अंगावर आली की आत साठलेलं पाणी भोकांतून आपोआप खाली जातं. मात्र ओझं फार झालं, होडी खोल बसली, की त्याच भोकांतून पाणी उलटं वर येतं. या मधलीचं कौतुक पहिल्या दिवशी कुणीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर गेलो. दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून सकाळीच. वहिनीचे वडील वाळूवर येऊन बसले होते. सगळा जन्म त्यांनी रापण ओढली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकं धरून ओढायचं भलं मोठं जाळं. त्यांनी तिन्ही होड्या निरखून पाहिल्या आणि म्हणाले, "हेका उलांडी खंय आसा?"

उलांडी म्हणजे होडीच्या एका बाजूला, थोडं दूर, दोन दांड्यांनी जोडलेलं लांब लाकूड. होडी कलंडायला लागली की ते तिला सावरतं. मालवणकडच्या छोट्या होड्यांना ती असते. कयाकला नसते. तिथे कंबर हीच उलांडी!

दादाने आजोबांना तिन्ही होड्यांचे गुण समजावले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जावक कोणय जाता. येवक जमाक व्हया. आधी उलाटून बघा, मगे इकत घेवा."

उलटून बघा! आम्ही दोन दिवस वेग मोजला, मासे मोजले, पण हे काही कुणाला सुचलं नव्हतं.

लाटा कमरेएवढ्याच होत्या. आजोबांनी आधी दहा मिनिटं नुसतं बसायला लावलं. लाटा सारख्या येत नाहीत बरं का. चार-पाच मोठ्या एकापाठोपाठ येतात, मग थोडा वेळ उसंत. ती उसंत सुरू झाली की निघायचं, टोक लाटेला सरळ ठेवायचं आणि थांबायचं नाही.

दादाने पहिल्यांदा आपली रुंद होडी काढली. ती चाळीस किलोची, पुळणीवरून पाण्यापर्यंत ओढतानाच आम्हा दोघांचा दम गेला. तिसऱ्या लाटेने ती आडवी केली आणि दादा खुर्चीसकट पाण्यात! नदीत दगडासारखी स्थिर असणारी होडी इथे का उलटली? सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहतो. पाणी सपाट तर होडी सपाट. पण लाटेची बाजू तिरकी असते, मग होडीही तेवढीच तिरकी होते. त्यात बसणारा उंच खुर्चीवर. उलटी झालेली ती होडी सुलटी करायला दादाला तीन वेळा झटावं लागलं. गळ काढून ठेवायला तो विसरला होता. तो त्याच्या टोपीत रुतला. टोपीतच रुतला म्हणून आपण हसायचं.

सोळा फुटी होडी लाटा कापत छान बाहेर गेली. पण येताना लाटेने तिची शेपटी फिरवली आणि ती उलटली. आत बसायची होडी ती, पाण्याने काठोकाठ भरली. भाची उत्तम पोहते, अंगात जीवरक्षक जॅकेट होतं, दादा जवळच होता, तरी ती एकटी त्यात परत चढू शकली नाही. चढली असती तरी पाणी उपसेपर्यंत पुढची लाट आली असती. किनाऱ्यावर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

मधली घेऊन मी गेले. उलटायचं ठरवूनच गेले होते, पण ठरवायच्या आधीच उलटले! होडीला हात घातला, पलीकडची कड धरून ओढली, ती सुलटी झाली. मग पोटावर आडवं पडायचं, पाय झाडत वर सरकायचं, कूस बदलायची की झालं. आतलं पाणी भोकांतून गेलंसुद्धा. मला इतका आनंद झाला, की किनाऱ्याजवळ येताच मी ऐटीत खाली उतरले, होडी आणि वाळू यांच्या मध्ये! आजोबा ओरडले, पण उशीर झाला. मागून आलेल्या लाटेने होडी उचलून माझ्या गुडघ्यावर घातली. पाठ्यपुस्तकात नसलेला एक नियम तेव्हा कळला. लाटांत होडीच्या बाजूला उभं राहायचं ते समुद्राकडच्या बाजूला, किनाऱ्याकडच्या नाही. पाच-सात दिवस मी लंगडत होते. सुट्टी संपल्यावर वर्गातल्या मुलांनी कारण विचारलं, तेव्हा फळ्यावर चित्र काढून सांगावं लागलं.

मग भाची मधली घेऊन गेली. पाचदा उलटली, पाचदा एकटी चढली. सहाव्यांदा उलटायचा प्रयत्न केला तर होडी उलटेना, कारण एव्हाना तिला कंबर हलवायची युक्ती जमली होती.

संध्याकाळी ओटीवर निकाल लागला. दादाने उभं राहून गळ टाकायचा हट्ट सोडला. त्याला ते जड गेलं, दोन दिवस तो खुर्चीची आठवण काढत होता. भाचीने सोळा फुटांचा वेग सोडला. पण व्यायामाला वेग लागतो असं कुठे आहे? उलट जरा संथ होडी तेवढ्याच अंतराला जास्त मेहनत करवते. हातांनी नाही हं, वल्हं पाठीने आणि कंबरेने ओढायचं असतं. हातांनी ओढणारा अर्ध्या तासात थकतो. शिवाय मधलीचं वजन पंचवीस-सव्वीस किलो. एका टोकाला दादा, एका टोकाला भाची, की समुद्रावरून उचलून माडांतून थेट नदीवर. देवबागात हे फार महत्त्वाचं. एक अट मात्र आजोबांनी घातली. ओहोटी लागली की नदीच्या मुखाकडे फिरकायचं नाही. नदीचं पाणी तेव्हा समुद्राकडे धावतं आणि समोरून लाटा येतात. तिथे कुठलीच होडी शहाणी नसते. आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय भाचीने कुठल्याच पाण्यात होडी घालायची नाही.

मेमध्ये मी पुन्हा गेले. ओटीच्या भिंतीला एक लालभडक मधली टेकून उभी होती, तळाला पुळणीचे ओरखडे. भाचीने शेजारी कोळशाने तारखा लिहिल्या होत्या, पुढे किती मिनिटं वल्हवलं ते. दादाच्या रकान्यात मासे. तिसराही एक रकाना दिसला, त्यात एकच तारीख आणि पुढे "उलटले १, चढले १". मी भाचीकडे पाहिलं, तर तिने झोपाळ्यावर पान जुळवत बसलेल्या आजोबांकडे बोट दाखवलं.