खेळणारा गुरू

मनिला हे शहर प्रवाशाला पहिल्या दिवशी थोडे बुचकळ्यात टाकते. देवळे स्पॅनिश, दुकानांच्या पाट्या अमेरिकन आणि पाऊस मात्र थेट आपल्या कोकणातला! तीन शतकांहून अधिक काळ स्पेनचे राज्य आणि मग जवळजवळ अर्धशतक अमेरिकेचे, असा या देशाचा इतिहास. आम्ही तीनशे वर्षे मठात काढली आणि पन्नास वर्षे हॉलीवूडमध्ये, अशी आपली थट्टा हे लोक आपणच करून घेतात.

माझा भाचा नोकरीनिमित्त तिथे राहतो. त्याच्याकडे सुट्टीत पंधरा दिवस मुक्काम पडला. इंट्रामुरोसच्या जुन्या तटबंदीवरून फिरलो, पासिग नदी पाहिली, रंगीबेरंगी जीपनीत गुडघे आवळून बसलो. ‘सारी-सारी’ नावाची घरगुती दुकाने पाहून तर मला आपल्याच वाण्याची आठवण झाली. साबणाच्या वडीपासून सुक्या मासळीपर्यंत सारे-सारे तिथे मिळते. पण या सगळ्यापेक्षा अधिक वेळा दृष्टीस पडली ती एक साधीशी वस्तू. लोखंडाची एक गोल कडी!

ही कडी कुठे नाही असे नाही. दिव्याच्या खांबाला आहे, नारळाच्या झाडाला आहे, चर्चच्या मागच्या भिंतीला आहे. अगदी अरुंद बोळातही वाळत घातलेल्या कपड्यांच्या वर ती टांगलेली दिसते आणि तिच्याखाली पायांत रबरी सपाता घातलेली पोरे बास्केटबॉल खेळत असतात. ‘बारांगाय’ म्हणजे तिथला सर्वांत लहान प्रशासकीय घटक, आपला वॉर्ड किंवा गाव म्हणा ना. ज्या बारांगायला स्वतःचे बास्केटबॉलचे मैदान नाही त्याला तिथे कोणी बारांगाय म्हणेल की नाही, याची मला शंकाच आहे.

“मामा, आपल्याकडे क्रिकेट तसे इथे हे,” भाचा म्हणाला.

पण मला नवल वाटत होते ते वेगळेच. हा ताडमाड माणसांचा खेळ आणि फिलिपिनो माणूस तर तुमच्या-आमच्यापेक्षा उंच नाही! मग हे वेड आले कोठून? १८९१ साली अमेरिकेत जन्मलेला हा खेळ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकनांनीच येथे आणला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या देशाने पाचवा क्रमांक मिळवला आणि १९५४ साली रिओच्या जागतिक स्पर्धेत तिसरा. त्या संघाचा आधारस्तंभ होता कार्लोस लोयझागा. पुढे तो शिक्षक झाला आणि १९६७ साली सेऊलला त्याच्या संघाने आशियाई अजिंक्यपद जिंकले. त्या संघात एकवीस वर्षांचा एक दांडगा पोरगा होता. त्याचे नाव रॉबर्ट जवॉर्स्की.

हे नाव मी प्रथम ऐकले ते एका टॅक्सीवाल्याच्या तोंडून. साठीच्या घरातला गृहस्थ. दर वाक्याला आदराचा ‘पो’ लावून बोलणारा, आपल्याकडच्या ‘जी’सारखा. मी शिक्षक आहे हे कळताच त्याने मागे वळून पाहिले आणि म्हणाला, “म्हणजे गुरो!” मी चमकलो. तागालोग भाषेत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात. चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात आणि आशेला ‘आसा’. समुद्रमार्गे केव्हातरी संस्कृतातले हे शब्द तिथवर पोचले आणि तिथलेच होऊन राहिले. परक्या मुलखात आपले शब्द असे अंगणात खेळताना दिसले, की भाषेच्या मास्तराला घरचे कोणी भेटल्यासारखे होते. मग मी त्याला विचारले, की तुमच्या देशातला सर्वांत मोठा गुरो कोण? माझी अपेक्षा होती, की तो होसे रिझालचे नाव घेईल. त्याने घेतले ते जवॉर्स्कीचे!

जवॉर्स्कीचा जन्म ८ मार्च १९४६ चा, बागियोचा. बागियो म्हणजे त्यांचे महाबळेश्वर. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई फिलिपिनो. त्याच्या जन्मानंतर चार महिन्यांनी, ४ जुलैला, फिलिपाइन्स स्वतंत्र झाले. तेव्हा हा गडी आणि त्याचा देश एकाच वयाचे.

त्याचे चरित्र पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे मात्र सरळ नाही. १९७१ साली एका सामन्यात त्याने आणि त्याच्या एका सोबत्याने पंचांवर हात टाकला. दोघांवर जन्मभराची बंदी आली. दोन वर्षांनी मनिलातच आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा भरायची होती. तेव्हा ती बंदी उठली, तो संघात आला आणि फिलिपाइन्सने ती स्पर्धा जिंकली. लोकांनी त्याला क्षमा केली, असे म्हणतात. मला वाटते, लोकांनी त्याच्यात आपल्याच गल्लीतला तापट, हट्टी, पण आपला माणूस पाहिला असावा.

१९७५ साली तिथे व्यावसायिक बास्केटबॉल सुरू झाले. तिथले संघ गावांच्या नावांनी ओळखले जात नाहीत. ते मोटारींच्या, कापडांच्या, पेयांच्या कंपन्यांच्या नावाने खेळतात. जवॉर्स्की टोयोटा संघाचा. १९७८ साली तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. १९८४ साली तो संघ मोडला आणि खेळाडू दुसऱ्या मालकाकडे जायचे ठरले. जवॉर्स्कीने तिथे जायला नकार दिला आणि जिनच्या एका कंपनीच्या संघात तो दाखल झाला. हाच संघ पुढे ‘हिनेब्रा’ म्हणून गाजला. हिनेब्रा म्हणजे जिनच! दारूच्या बाटलीचे नाव आबालवृद्ध भक्तिभावाने घेतात, हे पाहून आमच्या पिढीच्या मराठी माणसाला थोडे अवघडल्यासारखे होते खरे.

१९८५ साली तो या संघाचा शिक्षक झाला. वय एकोणचाळीस. या वयात खेळाडूने बूट खुंटीला टांगावेत आणि बाकावर बसून हुकूम सोडावेत, ही जगाची रीत. याने बूट काढलेच नाहीत. शिक्षकही तो आणि खेळाडूही तो! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका सामन्यात प्रतिपक्षाच्या खेळाडूचे कोपर लागून त्याचा ओठ फाटला. त्याला इस्पितळात नेले, नऊ टाके पडले. इकडे संघ हरत चालला होता. शेवटच्या टप्प्यात हा गृहस्थ सुजलेल्या तोंडाने परत मैदानात हजर! त्याला पाहताच प्रेक्षक उठले, संघ उठला आणि हरलेला सामना जिंकला गेला. हार मानायची नाही, हे त्या संघाचे ब्रीद त्या रात्री जन्मले, असे हिनेब्राचे चाहते सांगतात.

पुढच्याच वर्षी, १९८६ साली, त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. मग १९८८, १९९१ आणि १९९७. १९९१ ची कथा तर तिथे आजोबा नातवंडांना सांगतात. सात सामन्यांच्या मालिकेत हिनेब्रा एक विरुद्ध तीन असा मागे होता. तेथून सलग तीन सामने जिंकून, अखेरच्या क्षणी टाकलेल्या चेंडूवर त्याने अजिंक्यपद नेले. मधल्या काळात, १९९० साली, बीजिंगच्या आशियाई खेळांत जवॉर्स्कीच्या मार्गदर्शनाखाली देशाने रौप्यपदक मिळवले. पुढे १९९८ ते २००४ तो सिनेटर होता आणि २०१२ साली त्याचा सात नंबर कायमचा निवृत्त करण्यात आला.

पण मला त्याच्या विजयांहून एक वेगळा आकडा महत्त्वाचा वाटला. व्यावसायिक कारकिर्दीत त्याने ५,८२५ वेळा असा चेंडू दिला, की घेणाऱ्याने लगेच गुण मिळवला. अशा पासाला ‘असिस्ट’ म्हणतात. त्या स्पर्धांतला तो विक्रम आहे. दांडगटपणाबद्दल गाजलेल्या माणसाचा विक्रम दुसऱ्याच्या हाती चेंडू देण्याचा असावा, यात काही अर्थ आहे. टोयोटा मोडल्यावर रामोन फर्नांडेझ या जुन्या सोबत्याशी त्याचे वैर आले होते. १९८९ सालच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात दोघे एका बाजूला आले. शेवटचे काही सेकंद उरले असताना जवॉर्स्कीने चेंडू दिला तो फर्नांडेझलाच आणि त्याने सामना जिंकून दिला. मग दोघांनी हात मिळवले. तेव्हा जवॉर्स्की त्रेचाळीस वर्षांचा होता.

आमच्या धंद्यात चाळिशी उलटली, की माणसाला वर्गापेक्षा टेबल जवळचे वाटू लागते. समित्या येतात, अहवाल येतात आणि पहिल्या वर्षाच्या वर्गावर कोणातरी नवख्याला धाडले जाते. शिकवणे म्हणजे शिकवण्याविषयी सूचना देणे, असा समज हळूहळू रुजतो. जवॉर्स्की मात्र पन्नाशीपर्यंत स्वतः मैदानात उतरत होता. त्याचे पाय पूर्वीसारखे धावत नसणारच. पण जी गोष्ट आपण मुलांकडून मागतो ती आधी आपल्या अंगाने करून दाखवावी, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या कडीखाली एक पन्नाशीचा माणूस पाहिला. गळ्यात शिट्टी, पायांत सपाता. पोरांना काहीतरी समजावत होता. समजावून झाले तेव्हा तो बाजूला उभा राहिला नाही. शिट्टी खिशात टाकून तो पोरांत मिसळला, धापा टाकत धावला आणि हाती आलेला चेंडू त्याने सगळ्यांत लहान पोराकडे दिला.