एकाकी वृक्ष
लंडनला उतरताच प्रवाशाचे मन उदास झाले. त्या अफाट नगरीत ओळखीचा एकही चेहरा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो नगराच्या नैर्ऋत्येस, थेम्सकाठच्या क्यू उद्यानात गेला.

तेथील भव्य काचगृहात माडासारखे दिसणारे एक झाड होते. १८९५ साली जॉन मेडली वुड यांना ही जात दक्षिण आफ्रिकेतील अरण्यात आढळली. १८९९ साली तिचे एक खोड क्यूला आले. या जातीचे मादीझाड आजवर कोणालाच सापडलेले नाही. म्हणून तिला बी धरत नाही. तरीही बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून माळ्यांनी रोपे केली आणि ती देशोदेशींच्या उद्यानांत रुजली.

प्रवासी तेथे बराच वेळ उभा राहिला. परतीच्या गाडीत त्याने शेजारच्या वृद्धास आपण होऊन अभिवादन केले.