पाण्याआडून, काचेआडून

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर खडीचा टिपर पुढे असला की मी गाडी बरीच मागे ठेवतो. तरी त्या दुपारी नळदुर्गच्या अलीकडे कुठून तरी एक खडा उडून आलाच. टक्‌, एवढाच आवाज. पुढच्या काचेवर मिरीएवढा पांढरा ठिपका उमटला. गावात पोचेपर्यंत त्याला पाय फुटले होते. बाहेर मराठवाड्याचं ऊन, आत एसीचा गारवा. दोघांच्या ओढाताणीत चीर सरकत माझ्या नजरेसमोर आली. ठिपका ठिपकाच राहिला असता, तर त्यात रसायन भरून भागलं असतं. आता काच बदलायलाच हवी होती.

काच सोलापूरहून मागवली. मिस्त्रींनी वायपर काढले, कडेची बीडिंग सोडवली. मग बारीक तार आरपार घालून एक जण आतून, एक जण बाहेरून ओढत जुना सिलंट कापत गेले. किती हळुवार चाललं होतं ते! उचललेली काच इकडून तिकडे तडकलेली, पण तिचा एक कणही खाली पडला नाही. दाराची काच फुटली की तिचे दाणे दाणे होतात. पुढची काच मात्र एक नसते, दोन असतात, आणि मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा. १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्त्युस यांच्याकडचं एक काचपात्र पडलं, तडकलं, पण विखुरलं नाही. आत सुकून बसलेल्या रसायनाच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. जोडकाचेची कल्पना तिथून निघाली. रस्त्यावर किती डोळे, किती चेहरे त्या थराने वाचवले असतील!

नवी काच बसली. "मालक, सिलंट धरेपर्यंत गाडी हलवू नका," मिस्त्री म्हणाले. मी नळदुर्गच्या किल्ल्यात गेलो.

पावसाळा होता, बोरी नदी भरून आली होती. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, या नदीवर दगडी बंधारा घातला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, आणि आतल्या दालनात उभा माणूस कोरडा राहून ते पाणी डोळे भरून पाहतो. मी तिथे उभा राहिलो आणि अंगावर काटा आला. एवढा लोंढा हातभरावर, आणि मधे फक्त कुणाच्या तरी हातांनी नीट बसवलेला दगड. समोरचं सगळं दिसावं आणि अंगावर काही येऊ नये, ही माणसाची फार जुनी ओढ आहे. गाडीत बसून ऐंशीच्या वेगाने वारा, पाऊस, खडी यांच्यात शिरताना आपण त्याच भरवशावर असतो. तो भरवसा बसवणारे हात मात्र क्वचितच पाहतो.

गाडीची पुढची काच नुसता आडोसा नाही. गाडी उलटली तर छताला आधार देते, पुढची एअरबॅग फुगताना तिला पाठ देते. सिलंट कच्चा असेल तर धक्क्याला काच जागा सोडते, मग हे दोन्ही आधार जातात. म्हणून वाचकहो, ठिपका दिसताच काच दाखवून घ्या. बदलावी लागली तर मिस्त्रीला घाई करू नका, आणि तो सांगेल तेवढा वेळ गाडी उभी ठेवा. जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो. पुढच्या टोलनाक्याआधी नवा लावून घ्या.