थांबवण्याचे शास्त्र

आमच्या चिरंजीवांनी गतवर्षी २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक विकत घेतली. १०६ अश्वशक्तीची ही मोटार त्या काळी तरुणांना वेड लावीत असे. इंजिनात उत्साह पुष्कळ. ब्रेक मात्र पुढे डिस्क, मागे ड्रम, असे साधेच. बाह्यवळण मार्गावर २०२३ पासून १२० च्या वेगाची मुभा आहे, तेव्हा मोठ्या डिस्क बसवाव्यात, असा त्यांचा हट्ट. तो निराधार नव्हता. शंभरावरून एकशेवीसवर जाताना वेग पाचव्या हिश्श्यानेच वाढतो. परंतु ब्रेकांना पचवावी लागणारी ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते.

राणीगंजच्या वृद्ध मिस्त्रींनी डिस्ककडे पाहिलेही नाही. टायरवर नख रोवून ते म्हणाले, “गाडी ब्रेक नै रोकता साब, टायर रोकता.” दखनीत इतके नेमके यंत्रशास्त्र मी कधी ऐकले नव्हते! ब्रेक चाकाला आवरतो, चाकाला रस्ता. टायर कडक पडलेले असतील, तर मोठ्या डिस्कने चाक केवळ लवकर अडकणार आणि गाडी घसरणार.

मग नवे टायर, चांगले पॅड, नव्या नळ्या आणि ताजे ब्रेक ऑइल, एवढेच झाले. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ चा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश. पाणी मुरले की तो १५५ च्या आसपासही येतो. श्रीशैलमच्या घाटात ते उकळले, तर पायाखाली उरते ती वाफ, आणि पेडल तळाला जाते. त्या घाटातून गाडीत आजीही असते.

मोठ्या डिस्कचे पैसे अद्याप बँकेत आहेत. ते तेथेच राहावेत, अशी चिरंजीवांच्या मातोश्रींची इच्छा आहे.