तळपायाची ओळख

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईच्या डाव्या अंगात बळ नव्हतेच. त्याहून जड गेले ते स्पर्श न कळणे. “हा हात माझा नाही रे,” ती म्हणे. चऱ्होलीत आमच्या घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी म्हणून आधी गोणपाट, कापूस, ओला टॉवेल त्या हातावरून फिरवला. मग डोळे मिटून वस्तू ओळखायला लावल्या. तोल सावरायला मेंदूला डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांची जाणीव हवी असते. त्यासाठी आधार देऊन वाळूवर अनवाणी उभे करणे. भिक्खू चंक्रमणात पावलागणिक जागरूक असतात, तसेच काहीसे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरावा लागतो. न्यूयॉर्कचे अध्यापक पेद्रो बाक-इ-रिता यांना १९५९ मध्ये झटका आला. मुलाने त्यांना रांगण्यापासून शिकवले. ते पुन्हा शिकवू लागले. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत इजा तशीच होती!

आईला एवढे लाभले नाही. मूठ अजून सैलच पडते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्ती बसली, तेव्हा ती वडिलांच्या खांद्यावर होती. यंदा त्याच विहारात काठी टेकत गेली. पायरीशी मी तिचा डावा हात धरला.

“सोड,” ती म्हणाली, “कळतंय मला.”